विकायचे काय, सांभाळायचे काय?

लग्नकार्याचे फोटो काढणारा, फुलांची सजावट करणारा, पुस्तकांसाठी चित्रे काढणारा असा कोणीतरी आपल्या ओळखीत असतोच. कदाचित तुम्ही स्वतःच त्यांपैकी एक असाल. या कामाला नोकरी म्हणता येत नाही, कारण एक तारखेला पगार येत नाही. दुकान म्हणता येत नाही, कारण पुष्कळदा दारावर पाटीही नसते. आणि नातेवाइकांना हे काम वाटतच नाही. "तुझं बरं आहे, छंद तो छंद आणि वर पैसेही!" असे कौतुकाने म्हटले जाते आणि त्याच दमात भाचीच्या बारशाचे फोटो फुकट काढून मागितले जातात.

या लेखात आपण अशा कामाकडे साधनेच्या अंगाने पाहणार आहोत. आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे, पण तो रोज पुढे येतो. सुंदर गोष्टी घडवून त्यांवर पोट भरणाऱ्याने नेमके काय विकावे? आणि कितीही पैसे मिळत असले तरी काय विकू नये? तुमचा व्यवसाय वेगळा असला तरी वाचत राहा. शिक्षक, वैद्य, वकील, शिंपी यांच्यापुढेही हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा असतो.

लहान शहराचे वर्ष

सांगलीसारखे एखादे शहर डोळ्यांपुढे आणा. सातारा, धुळे किंवा महाराष्ट्राबाहेरचे बेळगाव, देवास घेतले तरी चालेल. अशा शहरात फक्त एकाच कलेवर घर चालवणे अवघड जाते. म्हणून एकच व्यक्ती तीन कामे करताना दिसते आणि त्या तीन कामांना वर्षाचे चक्र छान जुळते. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. तेव्हा कॅमेरा खांद्यावरून खाली येत नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, मुहूर्त थांबतात आणि कॅमेरा कपाटात जातो. त्याच सुमारास श्रावणातल्या पूजा, मग गणपती, नवरात्र आणि दसरा यांसाठी फुले लागतात. मधल्या पावसाळी दिवसांत दिवाळी अंकांची आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढायची असतात. पितृपक्षाचे दिवस मात्र बहुतेक रिकामे जातात.

मोठ्या शहरातल्या माणसाला ही धावपळ वाटेल. पण नीट पाहिले तर यात एक शिकवण आहे. ऋतू आपल्या हातात नाहीत. कोणत्या महिन्यात कोणते काम येईल, हे पंचांग, पाऊस आणि लोकांच्या गरजा ठरवतात. आलेले काम मन लावून करणे एवढेच आपल्या हातात राहते.

लहान शहराचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तिथे कोणी अनोळखी नसते. आज ज्याच्याशी दरावरून वाद झाला, तो उद्या देवळात शेजारी उभा असतो. ज्या वधूचे फोटो काढले, तिच्या मुलाच्या मुंजीलाही तुम्हालाच बोलावतात आणि तिच्या आजेसासूबाई गेल्या तर फुलेही तुमच्याकडूनच जातात. इथे ग्राहक वर्षानुवर्षे पुनःपुन्हा समोर येतो. म्हणून इथे खोटेपणा महाग पडतो आणि खरेपणाला वेळ मिळाला की फळ धरते.

दोन सोपी उत्तरे

आपल्या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. एक असे की कला पवित्र आहे, तिचा बाजार मांडू नये. दुसरे असे की धंदा तो धंदा, ग्राहक मागेल ते द्यावे, विचार करू नये. दोन्ही उत्तरे ऐकायला ठाम वाटतात, कारण दोन्ही विचार करण्याचे कष्ट वाचवतात.

पहिले उत्तर घेऊ. आपल्या संतपरंपरेकडे पाहा. कबीर विणकर होते, रैदास चामड्याचे काम करत. तेरचे गोरोबा कुंभार, अरणचे सावता माळी, पंढरपूरचे नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेव शिंपी. ही नावे घेताना आपण त्यांचा व्यवसायही जोडूनच घेतो. त्यांनी भक्तीसाठी व्यवसाय सोडला नाही आणि व्यवसायाची त्यांना लाजही वाटली नाही. गोरोबांच्या मडक्यात पाणी राहायला हवे होते. नरहरींच्या दागिन्यात सोने खरे असायला हवे होते. ते घडवणाऱ्याचे घर त्याच मोबदल्यावर चालत होते. हाताच्या कामाचे मोल घेतल्याने अध्यात्म विटाळते, असे या परंपरेने कधी मानले नाही.

निष्काम कर्माचा अर्थही इथे नीट समजून घ्यायला हवा. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते. याचा अर्थ फुकट काम करा, असा काही जण लावतात, विशेषतः ज्यांना काम करून घ्यायचे असते ते. पण मोबदला आणि आसक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबदला हा दोघांनी मिळून ठरवलेला शब्द असतो. आसक्ती ही मनाची पकड असते: माझेच कौतुक व्हावे, माझाच फोटो सगळ्यांनी पाहावा, पैसे मिळाले नाहीत तर मी कोणीच नाही. पूर्ण मोबदला घेऊनही ही पकड सुटू शकते. आणि एक रुपयाही न घेता ती घट्ट राहू शकते. फुकट काम करून आयुष्यभर "मी केवढे केले" असे मोजत बसणारी माणसे आपण पाहिली आहेत.

दुसरे उत्तर, धंदा तो धंदा, हे का अपुरे आहे ते पुढे तीन उदाहरणांतून पाहू. त्याआधी पैशाची बाजू नीट लावून घेऊ. कारण जो पैशाच्या बाबतीत भित्रा असतो, तो तत्त्वाच्या बाबतीतही फार काळ टिकत नाही.

दर सांगताना आवाज का खाली जातो?

समजा, एका लग्नाच्या फोटोंचे तीस हजार रुपये ठरले. काम दोन दिवसांचे. पाहणाऱ्याला वाटते, दिवसाला पंधरा हजार! आता हिशेब मांडा. सहायकाचे दोन दिवसांचे चार हजार, प्रवासाचे एक हजार, अल्बमच्या छपाईचे सात हजार. उरले अठरा हजार. दोन दिवसांत काढलेल्या हजारो फोटोंमधून निवड करणे, रंग-उजेड सारखा करणे, पाने लावणे आणि घरच्यांनी सुचवलेले बदल करणे यांत आणखी आठ दिवस जातात. म्हणजे दहा दिवसांचे अठरा हजार, दिवसाला अठराशे. त्यातून कॅमेऱ्याची दुरुस्ती, नवी लेन्स, संगणक, वीज आणि चातुर्मासातले रिकामे दिवस भागवायचे असतात. हा हिशेब एकदा स्वतःपुढे कागदावर मांडा. दर सांगताना आवाज खाली जातो, कारण बऱ्याचदा आपल्यालाच आपला हिशेब माहीत नसतो.

मग "घरचंच कार्य आहे, तुम्ही काय जास्त घेणार?" हे वाक्य येते. इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. दान वेगळे आणि संकोच वेगळा. दान आपण समजून, आपल्या वाट्यातून आणि आनंदाने देतो. संकोचाने सोडलेले पैसे आपल्या एकट्याच्या वाट्यातले नसतात. ते सहायकाच्या मजुरीतून, मुलांच्या फीमधून, आईच्या औषधातून जातात. ज्यांना कोणी विचारलेच नाही, त्यांच्याकडून घेऊन दिलेल्या गोष्टीला दान कसे म्हणावे?

म्हणून काही साधे नियम उपयोगी पडतात. दर लिहून ठेवा आणि सर्वांना तोच सांगा. कमी पैशांत काम हवे असेल तर कामही कमी करा: अल्बमची पाने कमी करा किंवा एकाच दिवसाचे काम घ्या. पण काम तेवढेच ठेवून मनात कुढत दर पाडू नका. सवलत द्यायची असेल तर ती उघड द्या, "एरवी इतके होतात, तुमच्यासाठी इतके." खरोखर गरज असलेल्या घरी फुकट काम करावेसे वाटले तर जरूर करा, पण वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा की अशी दोन किंवा चार कामे करीन. मग ते दान राहते आणि त्याचा आनंदही राहतो. काय मिळेल, कधी मिळेल, आगाऊ रक्कम किती, हे सर्व लेखी द्या. मैत्रीत कागद कशाला, असे वाटेल. पण मैत्री टिकावी असे वाटत असेल तर कागद हवाच.

संस्था आणि कंपन्या पैसे महिनोन्‌महिने अडकवतात, ही छोट्या व्यावसायिकांची जुनी तक्रार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात यावर तरतूद आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. सरकारी 'उद्यम' संकेतस्थळावर ही नोंदणी विनामूल्य होते. आपला हक्क शांतपणे मागण्यात लोभ नाही. न मागता आतल्या आत धुमसत राहणे मात्र मनाला नक्की मलिन करते.

इतके झाले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आपला वेळ, कष्ट, कौशल्य आणि सामान खुशाल विकावे, ताठ मानेने विकावे. हे सर्व आपले आहे. आता जे आपले नाही त्याकडे वळू.

चेहरा: जो आपला नाही

छोट्या शहरातल्या फोटोवाल्याकडे एक काम नियमित येते, स्थळासाठी मुलीचा फोटो. मुलगी समोर स्टुलावर बसलेली असते. आई कोपऱ्यात उभी असते आणि हळूच म्हणते, "जरा उजळ करा हं." तिच्या आवाजात दुष्टपणा नसतो, काळजी असते. आधीच्या दोन-तीन नकारांचे ओझे असते.

संगणकावर हे काम दोन मिनिटांचे आहे. करावे का?

नकार देणे सोपे आहे असे समजू नका. तुम्ही नाही म्हटले तर समोरच्या गल्लीतला दुसरा करून देईल. शिवाय एक खरा आक्षेप आहे: रंगावरून मुली नाकारणारा समाज तुम्ही बनवलेला नाही. तुमच्या तत्त्वाची किंमत तुम्ही न मोजता ती मुलगी मोजणार. मग तुमचे तत्त्व मोठे की तिचे आयुष्य?

या आक्षेपाला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. उजळ केलेला फोटो नकार टाळत नाही, तो फक्त पुढे ढकलतो. फोटो पाहून जे घर येते, ते मुलगी पाहून पुन्हा तोच विचार करते आणि आता तो नकार तिच्या तोंडावर येतो. दुसरे म्हणजे, स्टुलावर बसलेली मुलगी हे सगळे ऐकत असते. आईचे वाक्य तिने याआधीही ऐकले असेल. पण तिला पाहणे हाच ज्याचा व्यवसाय, असा एक परका माणूसही जेव्हा मान डोलावतो, तेव्हा तिच्यापुरता तो निकाल पक्का होतो. तो चेहरा तिचा आहे. तिने विश्वासाने थोडा वेळ तो तुमच्यापुढे ठेवला आहे. त्यात बदल करून विकण्याचा अधिकार आईकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही.

मग काय करावे? आईला उपदेश करू नका, त्याने ती फक्त दुखावेल. आपले कौशल्य कामाला लावा. छायाचित्रणात एक जुनी गोष्ट सांगितली जाते ती इथे उपयोगी आहे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांत एक नमुन्याचे कार्ड वापरत. कोडॅक कंपनीच्या या कार्डांना 'शर्ली कार्ड' म्हणत आणि त्यांवर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. तो रंग बरोबर आला की यंत्र बरोबर मानले जाई. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यामुळे वर्षानुवर्षे बुडत राहिले. दोष चेहऱ्यात नव्हता, मोजपट्टीत होता. आजही फोनमधली 'सौंदर्य' वाढवणारी सोय अनेकदा आपोआप चालू असते आणि त्वचा पुसून टाकते.

म्हणून मुलीला खिडकीजवळ, बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात बसवा. मागे भगभगीत पांढरी भिंत ठेवू नका, कारण कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप त्याने फसते आणि चेहरा काळवंडतो. उजेड चेहऱ्यावरून मोजा. दोन वाक्ये बोला, ती हसू द्या. मग आईला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवा आणि सांगा, "काकू, उजेड चांगला दिलाय. रंग मी बदलत नाही, पण हा फोटो बघा." बहुतेक आयांना हवा असतो तो आपली मुलगी छान दिसल्याचा दिलासा. तो खरेपणाने देता येतो. काही जणी तरीही उठून जातील. तेवढे नुकसान सोसायचे आहे, आणि ते तुमच्या वाट्यातले आहे.

सीमा कुठे? एक कसोटी वापरून पाहा. हा फोटो पाहिलेला माणूस उद्या तिला समोर पाहून चकित होईल का? उद्याला बरी होणारी पुटकुळी काढली तर होणार नाही. रंग, नाक, बांधा बदलला तर होईल. जिथे चकित होणे सुरू होते, तिथे आपले काम थांबते.

या कामाचे खरे मोल समजून घ्यायचे असेल तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना विचारा. भांडी, गाद्या पुन्हा घेता येतात. चिखलात भिजून एकमेकांना चिकटलेल्या अल्बमची पाने मात्र परत मिळत नाहीत. वर्षानुवर्षांनी त्या पानात कोणीतरी आपल्या गेलेल्या माणसाचा चेहरा शोधणार असते. तेव्हा तिथे खरा चेहरा असायला हवा.

फूल: ज्याच्या मागे कोणीतरी आहे

फुलांच्या कामात पहाट लवकर होते. बाजारातून आणलेली फुले आधी सावलीत ठेवायची, पाण्यात बुडणारी खालची पाने काढायची, देठ तिरका कापायचा, स्वच्छ पाण्यात दोन-तीन तास उभी करायची. मग कामाला घ्यायची. हे न केलेले फूल दुपारी मान टाकते आणि ग्राहकाला संध्याकाळी कळते. म्हणजे खरेपणा इथे देठाच्या टोकापासून सुरू होतो.

फुलांचा भाव फार हलतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू चढतो आणि दसऱ्याच्या दुपारनंतर रस्त्याकडेला ढीग पडून राहतात. ते ढीग म्हणजे कोणाची तरी तोडणीची मजुरी आणि गाडीभाडे असते. तुम्हाला शेतकऱ्याशी घासाघीस करावीच लागेल, व्यवहारच तसा आहे. पण आपल्या दरासाठी जो मान आपण ग्राहकाकडून मागतो, तो मान शेतकऱ्याला देतो का, एवढे पाहायला हवे. वर्षभर नियमित माल देणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याशी आधीच बोलून एक बरा दर ठरवून ठेवता येतो. मंदीत त्याला आधार होतो आणि तेजीत आपल्याला.

सजावटीत दुसरा विषय आहे हिरव्या फोमचा. पाण्यात बुडवून त्यात देठ खोचले की काम झटपट होते. पण हा फोम प्लास्टिकच्या जातीचा आहे. तो कुजत नाही, चुरा होऊन मातीत आणि पाण्यात मिसळतो. निर्माल्यासोबत तो नदीत गेला तर आपण देवाला वाहिलेल्या फुलांबरोबर नदीला विषच वाहतो. नदी आपली नाही आणि ग्राहकाचीही नाही. ज्याने आपल्याला पैसे दिले त्याला खूश करण्यासाठी, ज्यांचा या व्यवहारात संबंधच नाही त्यांना बिल पाठवायचे नसते. केळीच्या खांबाचे ओले तुकडे, बारीक तारेची जाळी, खिळ्यांचा फुलाधार हे पर्याय आहेत. वेळ थोडा जास्त लागतो. तो दरात धरा आणि का धरला ते ग्राहकाला सांगा.

आणि एक नाजूक जागा. लग्नाची फुले न्यायला येणारा माणूस घासाघीस करतो. अंत्यदर्शनाची फुले न्यायला येणारा करत नाही. तो किंमत विचारण्याच्या स्थितीतही नसतो. त्या क्षणी तुम्ही जी किंमत सांगाल, तिला कोणी साक्षीदार नसतो. दोन्ही वेळी किंमत एकच ठेवा. कोणी पाहत नसताना आपण जे करतो, त्यावरून आपली साधना कुठवर आली आहे ते कळते.

चित्र: ज्यात दुसऱ्याचा हात असू शकतो

तिसरे काम चित्रांचे. प्रकाशकाला उद्या मुखपृष्ठ हवे असते. इंटरनेटवर हजारो चित्रे आहेत. एखादे घेऊन रंग बदलले, उजवे डावे केले, तर कोणाला कळणार? आता तर चार ओळी लिहून दिल्या की कृत्रिम बुद्धिमत्ता दुसऱ्या चित्रकाराच्या शैलीत चित्र काढून देते.

मराठी वाचकाला दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ही नावे परिचित आहेत. दलालांचा काळ १९१६ ते १९७१, मुळगावकरांचा १९१८ ते १९७६. दोघे समकालीन. दोघांनीही मुखपृष्ठे, कॅलेंडरे, दिवाळी अंक अशी मागणीनुसारच कामे केली. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' हा अंकही सुरू केला. तरीही सही झाकली तरी वाचक सांगे, हे दलाल, हे मुळगावकर. पोटासाठी, ठरलेल्या मुदतीत केलेल्या कामातही स्वतःचा हात राखता येतो, याचा हा पुरावा आहे.

त्यांची चित्रे समोर ठेवून सराव करणाऱ्यांनी काही चुकीचे केले नाही, शिकण्याची ती जुनी रीत आहे. दुसऱ्याची रेघ गिरवणे हा विद्याभ्यास आहे. ती आपली म्हणून विकणे ही चोरी आहे. यम-नियमांत अस्तेयाचे स्थान वर आहे ते याचसाठी. चोरलेली वस्तू परत करता येते, पण चोरलेले श्रेय परत करायला पुन्हा कोणी जात नाही. यंत्राची मदत घेतली तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगा आणि जिवंत चित्रकाराचे नाव घालून त्याची शैली मागू नका. ज्याच्यापुढे उभे राहून आपण ते काम दाखवू शकणार नाही, त्याचे ते आहे असे समजावे.

आपल्या श्रेयाबद्दलही जागरूक राहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणी पैसे देऊन सांगितलेले छायाचित्र, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणून चित्र कुठे आणि किती वेळा वापरायचे हे आधीच लिहून घ्या. मालकी दिली तरी निर्माता म्हणून आपले नाव सांगण्याचा आणि कामाची विकृती झाल्यास हरकत घेण्याचा हक्क कायद्याने निर्मात्याकडे राहतो. स्वतःसाठी जे मागतो तेच दुसऱ्याला द्यायचे, एवढा हा धर्म सोपा आहे.

रिकामा दिवस

या व्यवसायाची खरी परीक्षा गर्दीच्या दिवसांत होत नाही. पितृपक्षातल्या एखाद्या मंगळवारी फोन वाजत नाही, तेव्हा होते. आपण दुसऱ्या फोटोवाल्याची पाने उघडून बघत बसतो. त्याला केवढी कामे! मग पुढचे काम कसलेही असो, कोणत्याही अटीवर घेऊ असे वाटू लागते. माणूस आपले तत्त्व मोहापेक्षा भीतीने जास्त वेळा विकतो. म्हणून तत्त्व सांभाळायचे तर भीतीची व्यवस्था करायला हवी. लग्नसराईत आलेल्या प्रत्येक रकमेतला ठराविक भाग, जमेल तेवढा, रिकाम्या महिन्यांसाठी वेगळा काढा. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असला की "रंग मी बदलत नाही" हे वाक्य शांत आवाजात बोलता येते. ही बचत साधनेचाच भाग समजा.

आणि त्या दुसऱ्या फोटोवाल्याला एकदा भेटा. एकाच मुहूर्तावर तीन लग्ने असतात तेव्हा एकमेकांना काम देता येते. कोणाचा कॅमेरा ऐन वेळी बंद पडला तर उसना देता येतो. दोघांनी मिळून "फोटोत रंग बदलत नाही" असे ठरवले, तर त्या शहरातल्या आयांना हळूहळू दुसरा फोटोच बघायला मिळणार नाही. एकट्याचे तत्त्व असे शहराची रीत होऊ शकते.

रोजचा सराव

महात्मा गांधींनी संपत्तीच्या बाबतीत विश्वस्तवृत्तीचा विचार मांडला. कौशल्याच्या बाबतीतही तो लागू पडतो. वेळ आणि कष्ट आपले, ते विकावे. समोरच्याचा चेहरा, शेतकऱ्याची मजुरी, नदीचे पाणी, दुसऱ्या चित्रकाराची रेघ, शोकात असलेल्या माणसाचा विश्वास, हे आपल्याकडे फक्त ठेवायला दिलेले असते. ठेव विकायची नसते.

आजपासून एक महिना हा सराव करून पाहा. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. आज मी माझ्या कामाचे योग्य मोल संकोच न करता मागितले का? आज दुसऱ्याचे काही मी माझे म्हणून विकले का? आज ज्याला कोणी विचारले नाही, असा एखादा माणूस माझ्या व्यवहाराची किंमत मोजत आहे का? उत्तरे वहीत एका ओळीत लिहा. स्वतःला दोष देत बसू नका. जे दिसले, त्यातले एक उद्या बदला.

पहिल्या आठवड्यात पहिला प्रश्न अवघड वाटेल. पुढे लक्षात येईल की तो सर्वांत सोपा होता. तिसरा प्रश्न मात्र रोज नवा असतो, कारण ज्याला विचारले नाही तो माणूस बहुधा आपल्यासमोर नसतो. त्याला आठवणीने समोर आणावे लागते. उद्या सकाळी बाजारात फुलांच्या पहिल्या जुडीला हात लावाल, तेव्हा ती कोणी, किती वाजता उठून तोडली असेल, एवढा विचार करून पाहा. मग भाव विचारा.